धम्मपाल सरांचा एकुलता एक स्लॅब

धम्मपाल बैसाणे सरांनी आयुष्यात एकच स्लॅब टाकला. बाकीचं आयुष्य त्यांनी लोकांना स्लॅब टाकू नका असं सांगण्यात घालवलं. आर्किटेक्चर कॉलेजात मुलांना, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरच्या पाहुण्याला, एसटीत खिडकीशी डुलक्या घेणाऱ्या अनोळखी प्रवाशाला आणि एकदा तर देवपुरातल्या सलूनमध्ये, गालाला फेस लावलेला असताना, दाढी करणाऱ्यालाच. त्या माणसाच्या हातात वस्तरा होता आणि त्याच आठवड्यात त्याच्या घराचा स्लॅब टाकायचा होता, हे लक्षात घेतलं तर सरांच्या निष्ठेची कल्पना यावी.

तो एक स्लॅब त्यांनी आपल्या आईसाठी टाकला. आई आता नाही. स्लॅब आहे.

सरांचा विषय शाश्वत वास्तुरचना. ही काय भानगड आहे असं आमच्या बिल्डिंगीत कुणी विचारलं की सर म्हणत, "विजेचं बिल न येता गार राहणारं घर." आमच्या भागात या विषयाला मरण नसावं असं कुणालाही वाटेल. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात नळाच्या पाण्यानं तोंड धुतलं तर तोंड शिजतं, दुपारी दाराची कडी रुमालानं धरून उघडावी लागते आणि पंखा लावला की तो छताला साठलेली आग इमानेइतबारे खाली आणून वाटतो. अशा मुलखात गार घराचा मास्तर म्हणजे देवमाणूस ठरायला हवा होता. पण लोकांना सरांकडून एवढंच हवं असे, "सर, देवघर ईशान्येलाच पाहिजे ना?" सर म्हणत, "ईशान्येचं मला माहीत नाही. पश्चिमेला खिडकी ठेवू नका." मग लोक दुसऱ्या कुणाला तरी विचारत.

सर शिकले जळगावच्या वसतिगृहात राहून, पुढे नागपूरला. मग पुण्याच्या एका ऑफिसात दोन वर्षं काचेचे मनोरे काढले आणि एके दिवशी राजीनामा देऊन परत आले. काही वर्षं जळगावला शिकवलं, नंतर धुळ्याला. आणि राहिले कुठे? देवपुरात, आमच्या बिल्डिंगीच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर, भाड्यानं, उघड्या स्लॅबखाली. खालच्या मजल्यावर आम्ही. गार घरावर परदेशात निबंध वाचणारा माणूस उन्हाळाभर ओला पंचा डोक्यावर ठेवून जिन्यात बसलेला असे. त्यांनी गच्चीवर ओली गोणपाटं अंथरून पाहिली, दुधी भोपळ्याचा वेल चढवून पाहिला. भोपळे भरपूर आले, ते बिल्डिंगीत सगळ्यांनी खाल्ले आणि मग सगळ्यांनी मिळून मालकाकडे तक्रार केली की वेलाला घातलेलं पाणी भिंतीत मुरतं.

वृषालीताई म्हणजे सरांची बायको. त्या नर्स. त्या म्हणत, "आमच्या घरात तापमान मोजायची सहा यंत्रं आहेत. कूलर एकही नाही."

आईच्या घराआधी सरांनी प्रत्यक्षात बांधलेली इमारतही एकच, ती जळगावजवळ असोद्याला. वाल्मीक पाटील नावाच्या केळीवाल्या शेतकऱ्याला सरांनी कसंबसं पटवलं आणि त्याच्या मळ्यात जाड मातीच्या भिंतींचं, मातीच्या छपराचं, चारी बाजूंनी पडवी असलेलं सुंदर घर उभं केलं. भर उन्हाळ्यात आत गेलं की माठात शिरल्यासारखं वाटे. वास्तुशांत झाली, फोटो काढले आणि पुढच्या उन्हाळ्यात सर विद्यार्थ्यांची बस भरून ते घर दाखवायला घेऊन गेले. वाल्मीक पाटील शेजारीच नव्यानं टाकलेल्या स्लॅबच्या घरात, एसी लावून बसले होते. मातीच्या घरात म्हशी होत्या.

"सर, काय घर बांधलं तुम्ही!" पाटील मनापासून म्हणाले. "दूध वाढलं! आख्ख्या असोद्यात या दिवसांत म्हशी आटतात, माझी एक म्हैस आटत नाही. लोक येऊन बघून जातात."

"तुम्ही का नाही राहत त्यात?" सरांनी विचारलं.

"आम्ही?" पाटील ओशाळले. "पोराला मुली बघतोय, सर. मातीच्या घरात कोण देईल?"

ही गोष्ट सर स्वतःच सांगत आणि इतकं हसत की डोळ्यांतून पाणी येई. पण त्यानंतर त्यांच्या वहीत 'म्हशी' असा एक नवा भाग सुरू झाला होता, हेही खरं. वाया कसं घालवायचं, असं त्यांचं म्हणणं.

सरांना डॉक्टरेट मिळाली ती धाब्यावर. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. लाकडी सरांवर, म्हणजे आडव्या तुळयांवर, काटक्या, त्यावर पाला, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यांत वर खारी. खारी म्हणजे नाल्याकाठची पांढरट, खारट माती. ती पाणी आत शिरू देत नाही, पण दर वर्षी पावसाच्या आधी, भर मे महिन्यात नवी टाकावी लागते. सरांनी कित्येक वर्षं गावोगावची धाबी मोजली, त्यांची उष्णता मोजली आणि खानदेशातलं धाबं हे जगातल्या शहाण्या छपरांपैकी एक आहे असं आकड्यांनिशी सिद्ध केलं. विद्यार्थी त्यांना 'खारी सर' म्हणू लागले.

डॉक्टर झाल्यावर पेढे घेऊन ते गावी गेले. गाव पांझरेच्या काठी, धुळ्याहून एसटीनं थोडं पुढे. आई, द्रौपदाबाई, ओट्यावर ज्वारी निवडत होत्या.

"कसानं डागदर व्हयना तू?" त्यांनी आमच्या बोलीत विचारलं, म्हणजे कशाचा डॉक्टर झालास.

"धाबानं, माय. आपलं धाबं. त्यावरनी खारी."

द्रौपदाबाईंनी सूप खाली ठेवलं. "डोकावर खारी वाही मी," त्या म्हणाल्या, "आनि डागदर तू व्हयना?"

हेही सर हसत सांगत. पण याच्या पुढचं ते सहसा सांगत नसत, मला ते त्यांच्या बहिणीकडून, रत्नाताईंकडून कळलं. नवरा लवकर गेल्यावर द्रौपदाबाईंनी शेतातली मजुरी केली आणि दर मे महिन्यात गावातल्या मोठ्या घरांच्या धाब्यांवर खारी टाकली. नाल्यात खणायची, टोपलीनं डोक्यावरून आणायची, शिडीनं वर न्यायची, पसरायची. घामानं आणि खारीनं मानेवर चट्टे उठत. तहान लागली की खाली उतरायचं, ओट्याच्या खाली उभं राहायचं आणि कुणीतरी वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचं. त्या घरांच्या डोक्यावर त्या वर्षानुवर्षं चढल्या. उंबऱ्याच्या आत कधी गेल्या नाहीत, कुणी येऊ दिलं नाही.

सर त्या वेळी लहान होते आणि नाल्याकाठी बसून राहत. म्हणजे सरांचा विषय काही पुस्तकात सापडलेला नव्हता. एकाच मातीकडे आई एका बाजूनं बघत होती आणि मुलगा दुसऱ्या. दोघांचंही बघणं खोटं नव्हतं, हीच त्यातली अडचण.

चार वर्षांपूर्वी द्रौपदाबाईंच्या स्वतःच्या धाब्याचा एक लाकडी सर कुजून मोडला आणि स्वयंपाकाच्या जागेवर मातीचा ढीग आला. त्या बाहेर होत्या म्हणून वाचल्या. सर धावत गेले आणि पुढच्या रविवारी थर्माकोलचं एक घर घेऊन पुन्हा गेले. मी बरोबर होतो, कारण एसटीत ते थर्माकोलचं घर मांडीवर धरायला माणूस हवा होता. काय देखणं होतं ते! दाबलेल्या मातीच्या विटा, न गळणारं मातीचं छप्पर, पश्चिमेला जाड भिंत, पूर्वेला पडवी, वरच्या बाजूला गरम हवा जायला झरोके. ही सरांच्या सगळ्या आयुष्याची मांडणी होती, आणि ती त्यांना आपल्या आईच्या डोक्यावर ठेवायची होती.

द्रौपदाबाईंनी ते घर चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. झरोक्यात बोट घालून पाहिलं.

"झकास शे," त्या म्हणाल्या. "कोंबड्या मस्त ऱ्हातीन."

"माय, हाई माटी वेगळी शे. हाई गळत नही."

"माटी ती माटीच."

"स्लॅब तापस ना पण! उन्हाळामा भट्टी व्हस घरनी."

"तापू दे. मनी जिंदगी उन्हातच गयी. उन्हले मी काय घाबरस?"

सर आकडे सांगू लागले. द्रौपदाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "लोके इचारतस, तुना पोऱ्या काय शिकाडस? मी सांगस, घर बांधाले शिकाडस. मंग त्या वर दखतस. मना डोकावरनं धाबं दखतस. काही बोलत नहीत. नुसता हासतस."

सरांनी थर्माकोलचं घर बाजूला सरकवलं. कोपऱ्यात रत्नाताई बसल्या होत्या, बोदवडच्या सासरहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, देई टाक रे तिले स्लॅब."

परतताना थर्माकोलचं घर गावातच राहिलं. पुढे त्यात खरंच कोंबडीची पिल्लं ठेवली होती.

आता एकदा स्लॅब म्हटल्यावर सरांना वाटलं, निदान बाकीचं तरी आपल्या मनासारखं करू. छत उंच घेऊ. द्रौपदाबाई म्हणाल्या, उंच छत गोदामाला असतं, घर बसकं, तलाठी आप्पांच्या क्वार्टरसारखं पाहिजे. पश्चिमेला खिडकी नको. द्रौपदाबाई म्हणाल्या, रस्ता पश्चिमेलाच आहे. "मना पंखा रस्तावरतून दिसाले पाह्यजे." तिथे सरांनी पेन्सिल खाली ठेवली. हजारो विद्यार्थ्यांना पश्चिमेच्या खिडकीवरून नापास करणाऱ्या या माणसानं आईसाठी पश्चिमेला चांगली मोठी, तीन तावदानांची, सरकत्या काचेची खिडकी काढली.

स्लॅब पडला त्या दिवशी अर्धं गाव जमलं. सिमेंट धुळ्याच्या जिनेशनं पाठवलं. जिनेश मारवाडी, सरांचा शाळेपासूनचा दोस्त, सिमेंटचा मोठा व्यापारी. सर आयुष्यभर त्याचं गिऱ्हाईक तोडत आले आणि तो आयुष्यभर त्यांना चहा पाजत आला. सिमेंटच्या ट्रकबरोबर तो स्वतः आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"सर, पहिली पाटी तुमच्या हातून पडू द्या," तो म्हणाला. "मला फोटो काढायचाय. दुकानात लावणार आहे, गल्ल्याच्या वर, भगवंतांच्या शेजारी."

"जिन्या, मस्करी नको."

"मस्करी नाही, बाबा, पुरावा. नाहीतर माझी पोरं विश्वास ठेवणार नाहीत."

बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, वस्तीनं त्रिसरण-पंचशील म्हटलं आणि मिक्सर घरघरायला लागला. सरांनी पहिली पाटी टाकली. फोटोत त्यांचा चेहरा स्वतःच्याच मुलीची सासरी पाठवणी करणाऱ्या बापासारखा आलाय. दुपारी वरण-बट्टी आणि भरिताच्या पंगती बसल्या. जिनेशसाठी द्रौपदाबाईंनी कांदा-लसूण न घालता वेगळं वरण केलं होतं. तो त्यांच्या ओट्यावर मांडी घालून तिसऱ्यांदा तूप मागत होता आणि द्रौपदाबाई त्याला वाढताना मध्येच थांबून वर बघत होत्या. वर लोखंडाच्या जाळीवर ओलं सिमेंट चमकत होतं.

"आते पाणी येऊ दे," त्या म्हणाल्या. "कितलं येस ते येऊ दे."

त्यानंतर त्यांनी त्या स्लॅबला जो जीव लावला, तो सरांना लहानपणी लावला असेल तेवढाच. सकाळ-संध्याकाळ स्वतः वर चढून त्याला पाणी पाजलं. रंग आकाशी निवडला. पंखा लागला, खाट आली, टीव्ही आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलवून त्या वर बोट दाखवत. उन्हाळा आला तेव्हा त्याच गच्चीवर आख्ख्या वस्तीच्या कुरडया वाळू लागल्या.

सर मात्र गप्प बसले नव्हते. द्रौपदाबाई लेकीकडे बोदवडला गेल्या, ती संधी साधून ते चुन्याची बादली घेऊन गावी गेले आणि सगळी गच्ची पांढरीफेक करून आले. पांढऱ्या गच्चीवर ऊन ठरत नाही, घर बरंच गार राहतं. मातीचं छप्पर नाही तर नाही, चुना तरी. द्रौपदाबाई परत आल्या, कुरडया वाळत घातल्या आणि संध्याकाळी उचलल्या तेव्हा प्रत्येक कुरडईच्या पोटाला चुना. त्यांनी पदर खोचला आणि खराटा घेऊन गच्ची घासायला सुरुवात केली. नेमके त्याच दिवशी सर गावी आलेले. खाली आकाशी रंगाच्या खोलीत बसून त्यांनी वरचा खराट्याचा आवाज ऐकला.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं होतं.

"काय करणार? पाण्याच्या बादल्या वर नेऊन दिल्या." सर हसले. "पुढच्या वर्षी बघू. नुसता गच्चीच्या कडेनं मांडव घालतो, वेल सोडतो. भोपळे म्हटले की ती ऐकेल."

पुढच्या वर्षी मे महिन्यात ऊन असं काही पडलं की पेपरवाल्यांचे शब्द संपले. सर कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांची तोंडी परीक्षा घेत होते. एक मुलगी भिंतीवर तांबडी-निळी चित्रं दाखवून छत तापल्यावर आतल्या माणसाचं काय होतं ते समजावत होती. चांगलं समजावत होती, सरांचीच विद्यार्थिनी. तेवढ्यात फोन वाजला. आईच्या शेजारणीचा, तानुबाईचा.

"धम्माभाऊ, माय उठत नही."

वस्तीतली वीज सकाळपासून गेलेली होती. गरम वारा आत येऊ नये म्हणून द्रौपदाबाईंनी दार लावून घेतलं होतं. पश्चिमेच्या काचेतून ऊन सरळ खाटेवर आलेलं. त्या बंद पंख्याखाली झोपल्या होत्या. तानुबाई विरजण मागायला आली, हाक मारली, आत गेली, हात लावला आणि ओरडली. जीपमधून धुळ्याला आणलं. दवाखान्याच्या दारात वृषालीताईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि सरांकडे न बघता खाली बघितलं. बर्फ लावला, सलाइनं लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी द्रौपदाबाई गेल्या. ऊन लागलं, वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

सर रडले नाहीत. सगळं व्यवस्थित केलं. लाकडं, गाडी, भन्तेजींना निरोप. फक्त अधूनमधून एकच प्रश्न विचारत राहिले. आधी रत्नाताईंना, मग वृषालीताईंना, मग मला.

"ती घरात का होती?"

कारण वस्तीतली सगळी म्हातारी माणसं दुपारी बुद्धविहारासमोरच्या निंबाखाली बसतात. तिथे सावली असते, पाण्याचा रांजण असतो, गप्पा असतात. द्रौपदाबाईंचा जन्म घराबाहेर गेलेला. घर तापतं हे काय त्यांना कळत नव्हतं? चार पावलांवर निंब होता. "तिथे बसली असती तर..." सर म्हणत आणि वाक्य तिथेच सोडून देत. रत्नाताई म्हणाल्या, टीव्ही बघत असेल. पण वीज नव्हती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, डोळा लागला असेल. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा त्या विषयात तोंड घातलं नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. गावोगावचे नातेवाईक टेंपो करून येतात, बसतात, चार शब्द बोलतात, पाणी पिऊन जातात. द्रौपदाबाईंच्या दारावर खूप माणसं आली. जळगावकडून आली, बोदवडहून आली, जिनेश तर रोज येई आणि कोपऱ्यात बसून राही. गल्ल्यावरचा तो फोटो त्यानं काढून आत कपाटात ठेवला होता, हे त्याच्या नोकराकडून कळलं. ओट्यावर मांडव घातलेला होता, तरी बायका आतच येऊन बसत. स्लॅबखाली. दुपारच्या वेळी त्या खोलीत श्वास घेणं जड जाई. त्या पदरानं वारा घेत, घाम पुसत, आणि पुसता पुसता वर बघत.

"नशीब काढं मायनी," एक म्हणे.

"हा ना. जलम गया धाबाखाल, पन मरनी ती स्लॅबखाल."

"पोऱ्यानी करी दिन्हं. सगळासले कोठे मिळस?"

सर भिंतीला टेकून हे ऐकत. सगळ्या गावाचं मत होतं की धम्मपालनं आईचं सोनं केलं. प्रत्येक नवा टेंपो आला की हेच पुन्हा. एकदा ते उठून बाहेर आले, मी मागोमाग.

"सांगू का यांना?" त्यांनी विचारलं.

"काय?"

त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. मग स्वतःच म्हणाले, "नको. तिच्याकडे तेवढंच होतं. तेही काढून घेतलं तर तिचं काय राहील?"

आणि परत आत जाऊन बसले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि गर्दी ओसरली, तेव्हा तानुबाई आली. साठीच्या पुढची, वाळलेली, चटपटीत बाई. आधी थोडं रडली, मग पदरानं डोळे पुसून सरांच्या पुढ्यात बसली.

"धम्माभाऊ, आज इचारू नही, पन इचारस. मनं घरकुल मंजूर व्हयनं."

"चांगलं झालं, मावशी."

"ते तुम्ही माले कागद काढी द्या ना. नकाशा. असाच पाह्यजे," तिनं हात फिरवून सगळी खोली दाखवली, "मायना घरना सारखा. आख्खी वस्ती म्हनस, असंच घर पाह्यजे. तुकाराम बी म्हने, बेबाबाई बी म्हने."

तीस वर्षं गार घरं शिकवणाऱ्या माणसाकडे त्याच्या स्वतःच्या वस्तीतलं पहिलं गिऱ्हाईक आलं होतं. मी सरांकडे बघायचं टाळलं. रत्नाताई चहाचे कप उचलत होत्या, त्या तशाच थांबल्या.

सर म्हणाले, "मावशी, हे घर तापतं."

"तापस ना! माले काय मालूम नही?" तानुबाई म्हणाली. "मायले बी मालूम व्हतं. वावरमा काम नसे त्या दिनले मी सांगू तिले, चाल वं निंबखाल, आठे भट्टी शे. ती येवालेच तयार नही."

सर एकदम पुढे झुकले. "का? का येत नव्हती?"

"काय सांगू भाऊ. ती म्हने, 'तानू, जलममा दुपारनं घर देखं नही मी. दुपार म्हंजे वावर, नहीते कोनं तरी धाबं. आते मनं घर शे. दुपारले मी घरमाच बैठसू, घरवाली बाईसारखी. तू जाय निंबखाल.' लाईट नसे तरी खाटवर पडेल ऱ्हाये. वर दखत."

बाहेर जिनेशच्या गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला.

तेव्हा सर रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, लहान पोरासारखे. रत्नाताई कप खाली ठेवून त्यांच्याजवळ बसल्या आणि त्याही रडू लागल्या. तानुबाईला वाटलं, आईची आठवण आली. तिनं सरांच्या पाठीवरून हात फिरवला. "उगा ऱ्हा, भाऊ. उगा ऱ्हा. नशीबवाली व्हती तुनी माय."

बऱ्याच वेळानं सरांनी चेहरा पुसला.

"मावशी, तुम्ही बी दुपारले घरमा बैठशात?"

"आते कोठे? हातपाय चालतस तोवर वावरमा." तानुबाई त्या सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच हसली. "मंग बैठसू ना. तेन्हाकरताच ते घर बांधी ऱ्हायनू."

सर उठले. रत्नाताईंनी विचारलं, "दादा, कुठे?" त्यांनी पायात चपला घातल्या आणि तानुबाईला म्हणाले, "चला, जागा दखाडा."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. तानुबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि पुढे झाली. वस्तीच्या टोकाला तिची जुनी, छप्पर पडलेली रिकामी खोली होती; घरकुल तिथेच व्हायचं होतं. ती आतून-बाहेरून फिरत हात करून सांगू लागली, आठे दार, आठे खाट, आठे रस्ताकडली खिडकी. सलूनमध्ये फेस लावून व्याख्यान देणारे आमचे सर तिच्या मागोमाग फिरत होते आणि ती जिथे खाट म्हणाली होती, तिथे उन्हात खूप वेळ नुसते उभे राहिले.